आम्हाला 25 पैकी 9 पडले

पत्र: मुलगी मराठी माध्यमाची, दहावीला विज्ञानात 96. आता अकरावी सायन्स. पहिल्या युनिट टेस्टला फिजिक्समध्ये आम्हाला 25 पैकी 9 पडले. आम्ही नीटची तयारी करतोय. गणित नीटला लागत नाही म्हणून सोडलं आहे. रोज रात्री जेवणानंतर मी तिच्याकडून सगळी सूत्रं म्हणवून घेतो, दर शनिवारी क्लासच्या सरांना भेटतो. सर म्हणतात, हल्ली ती शंकाच विचारत नाही. दुसरा क्लास लावावा, की सरळ लातूरला पाठवावं? उत्तरपत्रिकेचा फोटो सोबत जोडला आहे.
– एक पालक, सोलापूर जिल्हा

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, ते त्या 9 मार्कांमुळे नाही. ‘आम्हाला पडले’, ‘आम्ही तयारी करतोय’ – पेपरला बाकावर ती एकटीच बसली होती ना? अख्ख्या पत्रात तिचं म्हणून एकही वाक्य नाही. तिला डॉक्टर व्हायचंय की नाही, हेसुद्धा नाही. आणि ती शंका विचारत नाही, ही पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट तुम्ही जाता जाता सांगून गेलात.

ती का विचारत नाही, याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. दर शनिवारी तुम्ही सरांना भेटता. सर बिचारे सांगतात, परवा अमुक विचारत होती, तमुक अजून कळलेलं नाही. शनिवारी रात्री त्याच विषयावर घरी सुनावणी होते. (होत नसेल तर क्षमा मागते, पण वीस वर्षांत न होणारी घरं मी फार थोडी पाहिली.) सोळा वर्षांची हुशार मुलगी यातून एकच गोष्ट शिकते: तोंड उघडलं की घरी कळतं. मग ती मान हलवते, फळा उतरवून घेते आणि गप्प बसते. वर्गात सगळं कळल्यासारखं दिसणं तिला जमायला लागलंय. फिजिक्सला याहून वाईट सवय नाही.

दहावीपर्यंत तिचं गाडं नीट चाललं, कारण तिथे व्याख्या, नियम, आकृती आणि एका सूत्रात आकडे घालायचे एवढ्यावर भागतं. अकरावीत सर वेगळंच काही मागतात. प्रश्न वाचून चित्र काढ, काय दिलंय आणि काय दडवलंय ते ओळख, अडलीस तर कुठे अडलीस ते सांग. हे पाठ होत नाही. ते चुकत चुकत येतं, आणि चुकायला कुणी तरी परवानगी द्यावी लागते.

आता उत्तरपत्रिका. तुम्ही लाल पेनने सहा ठिकाणी ‘सिली मिस्टेक’ लिहिलंय. त्यातल्या दोन मी बारकाईने पाहिल्या. एका गणितात बसचा वेग तिने 250 मीटर प्रति सेकंद काढलाय. दशांश चिन्ह सरकलं, 25 हवे होते. पण 250 म्हणजे ताशी 900 किलोमीटर. विमानाचा वेग! तुमच्या गावची एसटी या वेगाने धावली तर पुण्याला अर्ध्या तासाच्या आत पोचेल. उत्तर आलं की क्षणभर थांबून ‘हे खरं वाटतं का?’ असं विचारायची सवय तिला नाही. रोज रात्री सूत्रं घडाघडा म्हणून ती सवय लागणार नाही. तिथे थांबायला वेळच नसतो.

दुसरी चूक मला फार मोलाची वाटली. चेंडू 19.6 मीटर प्रति सेकंद वेगाने सरळ वर फेकला. किती वेळाने थांबेल, किती उंच जाईल? तिने 2 सेकंद आणि 19.6 मीटर काढलेत, दोन्ही अचूक. त्याखालचा प्रश्न: सर्वांत वरच्या बिंदूवर त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, किती? तिचं उत्तर शून्य. शेजारी चेंडूवर वर जाणारा बाण काढून तिने लिहिलंय, ‘हाताचा जोर संपला’. गंमत बघा, वरची दोन्ही उत्तरं काढताना तिने संपूर्ण वेळ त्वरण 9.8 धरलंय आणि तीन ओळी खाली तेच शून्य केलंय. तिला सूत्र येतं. चेंडूचं काय होतंय ते मात्र तिने सूत्राला विचारलेलं नाही.

हा ‘जोर’ आपल्या बोलण्यातला. चेंडूला जोर होता, गाडी जोरात होती, जोर ओसरला. बल, वेग, संवेग, ऊर्जा या सगळ्यांना आपण घरात एकाच शब्दात गुंडाळतो. त्यामुळे हाताने दिलेला जोर चेंडूत भरून राहतो आणि वर जाताना हळूहळू संपतो, हे चित्र डोक्यात घट्ट बसतं. खरं तर हात सुटला की हाताचं बलही सुटलं. त्यानंतर (हवेचा विरोध सोडला तर) चेंडूवर एकच बल असतं, पृथ्वीचं, खालच्या दिशेने. ते जाताना तेवढंच, येताना तेवढंच आणि अगदी वरच्या टोकालाही तेवढंच. तिथे वेग शून्य असतो, त्वरण नाही. वेग शून्य आणि त्वरणही शून्य असतं तर चेंडू खाली आलाच नसता, वरच लटकून राहिला असता. तिला कमी लेखू नका. 1990च्या सुमाराला हार्वर्डमध्ये एरिक माझूर या प्राध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांना बल आणि गती यांवरचे असेच साधे, बिनआकड्यांचे प्रश्न दिले. अवघड गणितं सोडवणारी मुलं त्यात अडखळली. एका विद्यार्थिनीने तर विचारलं, तुम्ही शिकवलंय तसं लिहू, की मला वाटतं तसं? माझूरांनी त्यानंतर शिकवायची पद्धतच बदलली. तुमच्या मुलीच्या डोक्यातही ही दोन खाती वेगवेगळी आहेत. फरक एवढाच की तिला हे मोठ्याने विचारता येत नाही.

गणित नीटला लागत नाही, हे बरोबर. पण फिजिक्सला लागतं ना! बालभारतीच्या अकरावी फिजिक्समध्ये दुसरंच प्रकरण गणिती पद्धतींचं आहे. त्यात व्हेक्टर (दिशा असलेल्या राशी) आले, डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) आले. गणित घेतलेल्या मुलांनाही डिफरन्सिएशन, म्हणजे डेरिव्हेटिव्ह काढणं, त्यांच्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात, अगदी शेवटी भेटतं. तुमच्या मुलीला तर ते भेटणारच नाही. कॉलेजात विषय बदलून मिळत असेल तर आजच विचारा. नसेल तर तेवढा भाग कुणाकडून तरी पंधरा दिवस शिकून घेऊ द्या. दुसऱ्या क्लासच्या फीपेक्षा हा खर्च कारणी लागेल.

 

लातूरला पाठवू नका, निदान या कारणासाठी तरी नको. तिथे चांगले शिक्षक आहेत, पण गप्प बसणारी मुलगी दोनशे मुलांच्या हॉलमध्ये आणखी गप्प होते. दुसरा क्लासही नको. एकच गणित दोन ठिकाणी फळ्यावर सुटताना पाहिलं म्हणून ते आपल्याला सुटतं असं होत नाही.

सूत्रांची रात्रीची हजेरी आजपासून बंद. शनिवारची भेटही बंद. सरांना एकदाच फोन करून सांगा की तिने काय विचारलं ते मला कळवू नका. तिने रोज दोनच गणितं करावीत, पण गाईड मिटून. आधी चित्र, मग अंदाज, मग सूत्र. अर्धा तास अडली तर अडू द्या. कुठे अडली ते एका ओळीत वहीत लिहावं आणि दुसऱ्या दिवशी वही सरांसमोर ठेवावी. पहिले काही आठवडे मार्क वाढणार नाहीत, कदाचित आणखी घसरतील. ते तुम्हाला सोसेल का, याची मला खरी काळजी आहे.

तुम्हाला काही करायचंच असेल तर रविवारी गच्चीवर चेंडू घेऊन जा. तो वर फेका आणि तिला म्हणा, मला समजावून सांग. तुम्हाला पटणार नाही, कारण तो ‘जोर’ तुमच्याही डोक्यात आहे. वाद घाला. हरलात तर उत्तमच.

आणि डॉक्टर व्हायचं की नाही, ते तिला मला लिहू द्या. ते पत्र पाठवण्याआधी तुम्ही वाचू नका.