राहुल बजाज यांची पुण्यतिथी कधी असते आणि 2026 ला कितवी? वाळूजला बोर्डावर लिहायचंय

12 फेब्रुवारीला, आणि 2026 ला चौथी. ते 2022 ला पुण्यात गेले, म्हणून चालू वर्षातून गेल्याचं वर्ष वजा करायचं बस, बरेच जण एक जास्त धरतात अन् बोर्डावर पाचवी लिहून मोकळे होतात. 10 जून लिहू नका, ती जयंती (1938). असंच दादा कोंडके गेले 14 मार्च 1998 ला, लक्ष्मीकांत बेर्डे 16 डिसेंबर 2004 ला. मी पण कंपनीत दिनविशेष लिहितो, तिथं सगळं तारखेनंच चालतं, घरचे मात्र श्राद्ध तिथीनं करतात त्यामुळं ते मागंपुढं होऊ शकतं. अन् खाली 'विनम्र अभिवादन' लिहा, 'हार्दिक शुभेच्छा' नको, आमच्याकडं एकानं खरंच लिहिलं होतं.