घरी सोलर बसवायचा खर्च कमी कसा करता येईल?

आधी घरातला विजेचा वापर कमी करा, मगच सिस्टीम किती किलोवॉटची घ्यायची ते ठरवा. 1 किलोवॉटची सिस्टीम चांगल्या उन्हात दिवसाला साधारण 4 युनिट देते. रोजचे तेवढे युनिट वाचवले की तेवढी पॅनल्स विकत घ्यावीच लागत नाहीत. नेट मीटरिंग (म्हणजे तुमची जास्तीची वीज वीज कंपनीच्या लाइनमध्ये जाते आणि बिलातून वजा होते) मिळत असेल तर बॅटरी टाळा. ती महाग पडते आणि पॅनल्स 25 वर्षं चालली तरी बॅटरी मध्येच बदलावी लागते. गच्चीवर टाकीची सावली कुठे पडते तेही सकाळ-संध्याकाळ बघून घ्या, कारण एका पॅनलवर सावली आली तरी अख्ख्या रांगेचं उत्पादन घटू शकतं. मात्र तुमच्याकडे वीज सारखी जात असेल तर बॅटरीचा विचार करावाच लागेल. लाइट गेली की साधी ऑन-ग्रिड सिस्टीम (वीज कंपनीच्या लाइनला जोडलेली, बॅटरी नसलेली) भर उन्हातही बंद पडते.