हाइडलबर्गला एक रात्र तरी राहा

प्रश्न : ताई, मे महिन्याच्या शेवटी आम्ही दोघं मुलाकडे फ्रँकफर्टला येतोय. त्याला सुट्टी फक्त शनिवार-रविवारची. शनिवारी रोथेनबुर्ग, रविवारी हाइडलबर्ग आणि दोन्ही रात्री घरी परत, असा त्याचा बेत आहे. माझे गुडघे दुखतात, ह्यांना अंडंसुद्धा चालत नाही. आम्हाला दोघांनाही गडकिल्ल्यांची आवड आहे. झेपेल का हे सगळं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : झेपणार नाही, आणि झेपवायला जाऊही नका. रोथेनबुर्ग सुंदर आहे, पण फ्रँकफर्टहून आगगाडीनं जायचं तर व्युर्त्सबुर्गला आणि मग श्टाइनाखला गाडी बदलावी लागते. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला अशीच दोन दिवसांत दोन गावं पळवली. परतताना ती फलाटावरच्या बाकावर बसली आणि म्हणाली, "आज काय पाहिलं ते मला आठवेना गं." ते वाक्य मला अजून टोचतं. रोथेनबुर्ग पुढच्या खेपेला ठेवा. हे दोन दिवस हाइडलबर्गला द्या आणि शनिवारची रात्र तिथेच काढा.

शनिवारी सकाळी निघा. जलद गाडी तासाभरात पोचवते, पण मी तुम्हाला थेट जाणारी साधी गाडी सुचवेन. वेळ थोडा जास्त लागतो, पण डावीकडची खिडकी धरलीत तर ओडेनवाल्डचे डोंगर सतत सोबत राहतात आणि वाइनहाइमला एकाच नजरेत दोन किल्ले दिसतात. हाइडलबर्गचं मुख्य स्टेशन जुन्या गावापासून लांब आहे. तिथून लोकल पकडून 'आल्टश्टाट' स्टेशनला उतरा, म्हणजे गावाच्या पूर्वेच्या टोकाला, किल्ल्याच्या बाजूलाच निघाल. खोलीही तिकडेच घ्या. रस्ते दगडी फरसबंदीचे आहेत, तेव्हा चपला नकोत, बूटच घाला.

किल्ल्यावर तीनशेहून जास्त पायऱ्या चढून जाता येतं. तुम्ही चढायच्या नाहीत. जुन्या गावातल्या कॉर्नमार्क्ट चौकापासून डोंगरावर दोरानं ओढली जाणारी गाडी आहे. किल्ल्याच्या तिकिटात तिचं भाडं धरलेलं असतं, आणि अंगण, प्रचंड लाकडी पिंप आणि औषधांच्या इतिहासाचं संग्रहालयही त्यातच येतं. हे पिंप 1751 सालचं असून त्यात दोन लाख लिटरहून जास्त वाइन मावते. सगळे तिथे फोटो काढत उभे राहतात. बघा, पण तिथे रेंगाळू नका.

रेंगाळायचं ते फुटलेल्या बुरुजापाशी. फ्रेंच सैन्यानं 1689 आणि 1693 असा दोनदा हा किल्ला उद्ध्वस्त केला. दुसऱ्या वेळी सुरुंग लावल्यावर या बुरुजाचा अर्धा भाग अखंडच्या अखंड सुटून खंदकात कलंडला. आजही तो तसाच पडलाय, अंगावर वेली घेऊन. उरलेला अर्धा उभा आहे, त्यामुळे कापलेल्या फणसासारखं त्याच्या आतलं सगळं उघडं दिसतं : मजले, कमानी आणि मीटरच्या मीटर जाडीची भिंत. गड पाहणाऱ्या माणसाला बुरूज आतून कसा बांधतात ते इतकं स्पष्ट कुठेच दिसत नाही. तिथे अर्धा तास तरी बसाच.

पुढे 1764 मध्ये किल्ल्यावर वीज पडली आणि उरलेसुरले दगड गावकरी घरं बांधायला नेऊ लागले. ही लूट थांबवायला झटला तो शार्ल द ग्रँबेर, आणि तोही फ्रेंचच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस किल्ला पुन्हा पहिल्यासारखा बांधावा की पडका आहे तसा जपावा, यावर मोठा वाद झाला. कलेचा इतिहासकार गेओर्ग डेहिओ ठामपणे म्हणाला, जपा, नव्यानं बांधू नका. शेवटी फक्त फ्रीड्रिशबाउ हा एक वाडा दुरुस्त झाला. अंगणात उभं राहून आधी तो बघा आणि मग शेजारचा छप्पर नसलेला ओटहाइनरिशबाउ बघा, रिकाम्या खिडक्यांतून आभाळ दिसतं. आपल्याकडे गडांच्या डागडुजीवरून जे वाद होतात ते मला इथे दर वेळी आठवतात, आणि मी दर वेळी डेहिओच्या बाजूची होते.

दुपारी झोप काढा. मेअखेरीस सूर्य नऊनंतर मावळतो, त्यामुळे सहाला निघालात तरी भरपूर उजेड असतो. नेकर नदीवरचा जुना पूल ओलांडून पलीकडच्या काठावर या. वरचा फिलॉसॉफेनवेग हा फिरायचा रस्ता प्रसिद्ध असला तरी त्याचा चढ गुडघ्यांना नको, काठानंच सपाट चाला. त्या वेळी ऊन पश्चिमेकडून आडवं येतं आणि किल्ल्याचा तांबडा दगड आतून पेटल्यासारखा दिसतो. माझी इथली पहिली सहा वर्षं याच काठावर नॉयेनहाइममध्ये गेली. खंडोबा आणि धनगरांवर आयुष्यभर काम केलेले गुंथर सोन्थायमर याच गावच्या विद्यापीठात शिकवत. तुमच्या जिल्ह्यात पालीचा खंडोबा आहे, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता ह्यांच्या जेवणाचं. 'श्पेट्झले' म्हणजे जाडसर शेवया, चीज घालूनही मिळतात, पण त्यांच्या पिठात अंडं असतं. 'माउलटाशन' मोदकासारखं दिसलं तरी आत बहुतेक मांस असतं. भाजीचं सूपही पुष्कळदा मांसाच्या पाण्यात करतात. वाढणाऱ्याला एवढं सांगा : "ओहने फ्लाइश, ओहने फिश, ओहने आय", म्हणजे मांस, मासे, अंडं नको. मे महिन्यात पांढऱ्या शतावरीचा हंगाम असतो. उकडलेले बटाटे आणि वितळलेलं लोणी घेऊन ती मागवा. सोबतचं पिवळं सॉस मात्र नको, त्यात अंडं असतं.

रविवारी दुकानं बंद असतात. फळं, दूध, पाव शनिवारीच घेऊन ठेवा. गुडघ्यांच्या गोळ्या घरूनच पुरेशा आणा, रविवारी ठरावीक एखादंच औषधाचं दुकान उघडं असतं. सकाळी हाइलिगगाइस्ट चर्चमध्ये जा, पण प्रार्थना संपल्यावर. या एका चर्चच्या मधोमध 1706 पासून भिंत होती, एका बाजूला कॅथलिक आणि दुसऱ्या बाजूला प्रोटेस्टंट. ती कायमची पाडली 1936 मध्ये. त्यानंतर त्याच दोराच्या गाडीनं किल्ल्याच्याही वर जा. मोल्केनकुरला गाडी बदलली की पुढचे डबे 1907 सालचे, लाकडी. ते हळूहळू क्योनिगश्टुलच्या माथ्यावर, 568 मीटरवर नेतात. या टप्प्याचं तिकीट वेगळं काढावं लागतं. वरून खाली ऱ्हाईनचं सपाट खोरं पसरलेलं दिसतं.

चारच्या सुमाराला परतीला लागा, म्हणजे मुलालाही सोमवारी कामावर जायच्या आधी नीट झोप मिळेल.