वॉलपेपर काढल्यावर पेंटर लगेच पुट्टी मारू म्हणतोय, मारू द्यावी का?

नको, थांबवा त्याला. तुम्ही लिहिलंय की जुन्या फ्लॅटचा हॉल आणि बेडरूम दोन्हीकडचा वॉलपेपर सोलून झालाय, भिंत तशी साफ दिसतेय आणि पेंटर म्हणतोय पुट्टीखाली सगळं झाकलं जातं. मी पुण्यात इंटिरियरच्या साइट बघतो, हे वाक्य जवळपास प्रत्येक पेंटर बोलतो. झाकलं जातं हे खरंच आहे हो, पण टिकत नाही.

कारण कागद गेला तरी गम भिंतीवरच असतो. वॉलपेपरचा गम बहुतेक वेळा स्टार्चचा नाहीतर सेल्युलोजचा, सुकला की दिसतही नाही आणि पाणी लागलं की परत सुटतो. आता पुट्टीत पाणी, वॉटर बेस प्रायमरमध्ये (रंगाखाली मारतात तो अस्तराचा हात) पाणी, प्लास्टिक पेंटमध्ये पण पाणीच, म्हणजे वरून जे काय लावाल ते त्याला भिजवणार, मग तो सुकताना आखडतो आणि वरचा थर ओढतो, म्हणून कुठे बारीक भेगा दिसतात कुठे पापुद्रे सुटतात आणि मग सगळे कंपनीच्या पेंटला शिव्या घालतात.

आधी साधं करा, हात ओला करून भिंतीवर फिरवा. बुळबुळीत लागलं तर गम आहे. केमिस्टकडून टिंक्चर आयोडीन आणून पाण्यात थोडे थेंब टाकून फवारलं तर स्टार्च असेल तिथे डाग निळाकाळा होतो, पण सेल्युलोजच्या गमला तसा रंग येत नाही, त्यामुळे डाग नाही आला म्हणजे साफ असं धरू नका, हातावरच विश्वास ठेवा.

धुण्याचं काम कंटाळवाणं आहे पण अवघड नाही. त्या खोलीची वीज एमसीबीवरून बंद करा, स्विचबोर्डवर प्लास्टिक चिकटवा. कोमट पाण्याने एका वेळी दोन बाय दोन फुटांचाच तुकडा भिजवा, दहा मिनिटं मुरू द्या, मग स्क्रॅपर जवळजवळ आडवा धरून ओढा. भाताच्या पेजेसारखं पांढुरकं काहीतरी पात्यावर गोळा होतं, तेच ते. पातं दरवेळी पुसायचं, नाहीतर तोच गम पुढच्या तुकड्यावर सारवला जातो. कुठे कागदाचा पातळ अस्तरासारखा थर राहिला असेल (विनाइल म्हणजे प्लास्टिकच्या थरवाल्या वॉलपेपरमध्ये वरचा थर सुटतो आणि हा मागे राहतो) तोही असाच निघतो. शेवटी दुसऱ्या बादलीतलं स्वच्छ पाणी आणि स्पंज, हाताला बुळबुळीत लागेनासं होईपर्यंत. भिंत जिप्समची असेल तर मात्र पाणी बेताने, जास्त भिजली की मऊ पडते आणि स्क्रॅपरने खड्डे पडतात.

आता ओल. आपल्याकडे बरेच जण ओल लपवायलाच वॉलपेपर लावतात, बाहेरच्या भिंतीला किंवा बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला तर हमखास, आणि विनाइलमागे ती कोंडून राहते. काळे ठिपके, खारट पांढरी पूड किंवा टकटक केल्यावर पोकळ आवाज आला तर आधी गळती शोधा, गिलावा दुरुस्त करा, रंगाचं नंतर बघू. बुरशीला ब्लीच चालतं पण गम काढायला व्हिनेगर वापरला असेल तर त्यावर ब्लीच अजिबात नको, क्लोरीन वायू तयार होतो. सुकलंय का कळत नसेल तर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून २४ तास चिकटवा, आतून दव दिसलं तर अजून थांबा. पावसाळ्यात हे काम काढूच नका शक्यतो.

खाली जुना ऑइल पेंट निघाला तर कोरडं घासू नका, घरगुती रंगात शिसं जास्तीत जास्त ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, त्याआधीच्या रंगाची काही खात्री नाही. वॉटर पेपरने ओलं घासा, मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

मग प्रायमर. धुवूनही कुठेतरी गम राहतोच, म्हणून इथे मी सॉल्व्हंट बेस वॉल प्रायमर मारायला लावतो, दुकानात एसटी म्हणून मिळतो, डब्ल्यूटी म्हणजे पाण्याचा. टर्पेंटाइनचा वास दोन दिवस घरात राहतो, खिडक्या उघड्या ठेवा, पण तो गमला भिजवत नाही हे महत्त्वाचं. त्यावर अॅक्रिलिक पुट्टीचे दोन पातळ हात. व्हाइट सिमेंटवाली पुट्टी उघड्या गिलाव्यावर छान बसते, जुन्या गुळगुळीत रंगावर तिला पकड मिळत नाही. सुकली की १८० ने आणि मग ३२० ने पॉलिश पेपर, आणि संध्याकाळी लाइट बंद करून मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरा, दिवसा न दिसलेले सगळे उंचवटे तेव्हा दिसतात, तिथे पेन्सिलने गोल करून ठेवा, पेंटरला परत घासायला लावा. धूळ पुसून परत प्रायमरचा एक हात आणि मग रंगाचे दोन.

आणि रेट. पेंटरने स्क्वेअर फुटाचा जो भाव दिलाय त्यात हे धुणं धरलेलं नसणार, म्हणूनच तो टाळतोय. गम काढण्याची मजुरी वेगळी ठरवा किंवा ते घरच्या घरी उरका आणि त्याला प्रायमरपासून बोलवा.