अमेरिकेतलं 'वेसाइड इन' हे हॉटेल खरंच ३०० वर्षं जुनं आहे का?

हो, जुनं आहेच, नाव तेवढं नंतरचं. मॅसॅच्युसेट्समधल्या सडबरीत डेव्हिड हाऊने १७१६ मध्ये लायसन्स काढून राहत्या घरातच हे चालू केलं, म्हणजे बॉस्टन पोस्ट रोडवरच्या प्रवाशाला जेवण, दारू, रात्री पाठ टेकायला जागा अन् घोड्याला चारा, आपल्या हायवेवरच्या ढाब्यासारखंच म्हणा ना. पुढे पिढ्यान् पिढ्या हाऊंकडेच राहिलं. 'वेसाइड इन' हे नाव चिकटलं ते अमेरिकन कवी लाँगफेलोच्या १८६३ च्या कवितांमुळे. १९२३ ला हेन्री फोर्डने विकत घेतलं, जवळच पाणचक्की बिणचक्की बांधली (मला ते जरा म्युझियमछाप वाटतं). १९५५ च्या आगीत बरंच जळलं, त्यामुळे आता दिसतं ते सगळंच काही ओरिजिनल नाहीये.