बडोद्यात पावसाळ्यानंतर कॅरव्हॅनचा बाहेरचा पत्रा फुगलाय, दाबला की आत जातो. दुरुस्ती कशी करावी?

आतला प्लाय कुजलाय. नुसता पत्रा बदलून भागणार नाही. आधी गळती शोधा. पाणी बहुतेक वरूनच येतं: छताची कडपट्टी, खिडकीची चौकट, दिव्यांचे स्क्रू. मग पट्ट्या काढून पत्रा सोडवा, प्लायला स्क्रूड्रायव्हर टोचत जा आणि मऊ भाग संपल्यावरही ५ सेंमी पुढे कापा. आपल्याकडे श्रावण-भाद्रपदात भिंत बंद करूच नका, ओल आतच कोंडते. दसऱ्यानंतरच्या उन्हात उघडी वाळू द्या.

नवा प्लाय आयएस ७१० चा (म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय), जुन्याच जाडीचा घ्या. कापलेल्या कडांना इपॉक्सी लावा, कारण प्लाय कडेनंच पाणी पितो. पट्ट्यांखाली ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी), वरून पॉलियुरेथेन सीलंट. सिलिकॉन मात्र नको: त्यावर पुढे ना रंग धरत, ना नवं सीलंट.