8.82 च्या पोटात काय होतं?

तुमचा प्रश्न असा, की ऑफिसातल्या बेसबॉलच्या फँटसी लीगमध्ये (खऱ्या खेळाडूंचा आपला कागदी संघ करायचा आणि त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवायचे) ड्राफ्टच्या, म्हणजे आळीपाळीनं खेळाडू निवडण्याच्या, शेवटच्या फेऱ्यांत, कुणाच्या खिजगणतीत नसलेला पण यंदा उसळी घेईल असा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, कसा हेरायचा? आणि ‘ज्याचा एफआयपी ईआरएपेक्षा बराच कमी तो उचलायचा’ ही युक्ती चालते का? (ईआरए म्हणजे पिचरच्या खात्यावर दर नऊ इनिंगमागे पडलेल्या धावा; एफआयपी म्हणजे त्याच मापातला, पण फील्डिंग आणि नशीब वगळून काढलेला अंदाज. दोन्ही जितके कमी तितके चांगले.) 2010 पासून मी हा उद्योग करतोय आणि त्यातली पहिली काही वर्षं नेमकी याच युक्तीवर घालवली. ती अर्धीच खरी आहे.

खरा अर्धा भाग आधी. पिचरच्या हातात प्रामुख्यानं तीनच गोष्टी असतात: स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद), वॉक (चार वाईट चेंडू टाकून बॅटरला फुकट दिलेला पहिला बेस) आणि होमरन (थेट मैदानाबाहेर गेलेला फटका). बॅटला लागून मैदानात गेलेला चेंडू फील्डरच्या ग्लव्हमध्ये जातो की दोघांच्या मधून निसटतो, यात फील्डिंगचा आणि नशिबाचा वाटा मोठा. बेसबॉलच्या आकडेवारीचा अभ्यासक वोरोस मॅक्रॅकन यानं 2001 मध्ये हे मांडलं तेव्हा बरेच जण खवळले होते. आता ते बाळबोध वाटतं. मैदानात पडलेल्या चेंडूंवर लीगभरात साधारण .290 ते .300 या दरानं हिट मिळतात, म्हणजे शंभरातल्या 29-30 चेंडूंवर बॅटर सुखरूप बेसवर पोचतो. एखाद्याविरुद्ध तो आकडा .350 झाला असेल, तर पुढच्या वर्षी खाली येण्याचीच शक्यता जास्त. स्लिपमध्ये चार झेल सुटलेल्या बोलरचं पृथक्करण आठवा. ते झेल नेहमीच्या प्रमाणात घेतले गेले असते तर काय झालं असतं, त्याचा हिशेब म्हणजे एफआयपी.

आता माझी फजिती. 2009 मध्ये मार्लिन्स संघाच्या रिकी नोलास्कोनं 195 स्ट्राइकआउट काढले, वॉक दिले फक्त 44. एफआयपी 3.35 आणि ईआरए 5.06! मी म्हटलं, घबाड सापडलं. पुढच्या हंगामात घेतला, त्याचा ईआरए 4.51. नशीब आणखी किती रुसणार म्हणून त्याच्या पुढच्याही हंगामात घेतला, तेव्हा 4.67. तीन वर्षं सलग एफआयपी एक सांगतो आणि ईआरए दुसरंच, तेव्हा त्याला नशीब म्हणत बसणं हा शुद्ध हट्ट. तो माझा होता, नोलास्कोचा त्यात काही दोष नाही.

त्यातून कळलं ते असं, की नशीब फिरलं तर पाचाचा ईआरए चारावर येतो. पाचाचा अडीच व्हायला चेंडू टाकण्यातच काहीतरी बदलावं लागतं. म्हणून मी आता ‘हा कमनशिबी आहे का’ हे दुसऱ्यांदा विचारतो. पहिला प्रश्न: याच्याकडे एखादा अव्वल चेंडू आधीच आहे का, आणि त्याचा घात करणारा दुसरा एखादा चेंडू त्याला टाकून देता येईल का?

मिलवॉकी ब्रूअर्सचा कॉर्बिन बर्न्स घ्या. 2019 मध्ये 49 इनिंग, 17 होमरन, ईआरए 8.82. एफआयपी ईआरएपेक्षा बराच कमी, पण तोसुद्धा सहाच्या वर, म्हणजे नुसतं नशीब फिरून तो फार तर सहावर आला असता. पण त्याच 49 इनिंगमध्ये 70 स्ट्राइकआउट होते. त्याच्या स्लायडरवर (आडवा वळणारा चेंडू) बॅट फिरवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक हुकत होते. मार खात होता तो फोर-सीम फास्टबॉल, म्हणजे साधा वेगवान सरळ चेंडू. गंमत म्हणजे त्या फास्टबॉलची फिरकी लीगमधल्या सर्वांत जास्त फिरकीपैकी होती. पण नुसता भोवरा जोरात फिरून काय उपयोग? फिरण्याचा आस तिरका असल्यानं चेंडूला हवी ती उचल मिळत नव्हती, तो किंचित आडवा सरकायचा आणि नेमका बॅटच्या वाटेवर यायचा. 2020 मध्ये त्यानं तो चेंडू जवळजवळ बंदच केला आणि सिंकर (खाली बुडणारा) व कटर (शेवटी किंचित आडवा कापणारा) हे वेगवान चेंडू हाताशी धरले. हाताची ती आडवी खोडच कटरच्या कामी आली. 60 सामन्यांच्या त्या तोकड्या हंगामात ईआरए 2.11. 2021 मध्ये 2.43, 167 इनिंगमध्ये 234 स्ट्राइकआउट, होमरन फक्त 7 आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार. त्या मोसमात पहिला वॉक देण्याआधी त्यानं 58 जणांना स्ट्राइकआउट केलं होतं.

शिकागो व्हाइट सॉक्सच्या लुकास जिओलिटोचंही तसंच. 2018 मध्ये 6.13, पुरेशा इनिंग टाकलेल्या पिचरांत सर्वांत वाईट ईआरए. मग हात मागे नेण्याची हालचाल आखूड केली, सिंकर सोडला, चेंजअपवर (फास्टबॉलसारखा भासणारा संथ चेंडू) भर दिला, आणि 2019 मध्ये 3.41. आपल्याकडचं उदाहरण हवं तर श्रीरामपूरचा झहीर खान. भारतीय संघाबाहेर असताना 2006 मध्ये वूस्टरशायरकडून 78 बळी घेऊन आला तेव्हा त्याचा रन-अपही आखूड झाला होता. त्या बळींपेक्षा तो रन-अप बघायला हवा होता.

मग मार्चमध्ये काय बघायचं? स्प्रिंग ट्रेनिंगचा, म्हणजे हंगामापूर्वीच्या सराव सामन्यांचा, ईआरए अजिबात नको. तिथे समोर कोण उभं असतं त्याचा भरवसा नाही, आणि पिचरही मुद्दाम एकच चेंडू घोटत असतात. वेग बघा. गेल्या वर्षीपेक्षा मैल-दीड मैलानं वाढला असेल तर कान टवकारा. कोणता चेंडू किती वेळा टाकतोय ते बघा. ‘नवा चेंडू शिकतोय’ ही बातमी दर मार्चला डझनभर पिचरांबद्दल येते, तिला मी फारसा भाव देत नाही. ‘जुना चेंडू सोडला’ ही बातमी विरळा, आणि बहुतेक वेळा जास्त कामाची. शिवाय त्याला रोटेशनमध्ये, म्हणजे आळीपाळीनं सामना सुरू करणाऱ्या पिचरांत, जागा मिळणार का? बुलपेनमध्ये (राखीव पिचरांत) बसून राहिला तर तुमचं भाकीत खरं ठरूनही तुमच्या पदरात गुण पडायचे नाहीत.

एवढं करूनही माझे चारातले तीन पिचर आपटतात. म्हणून यांच्यावर वरच्या फेऱ्या खर्चायच्या नाहीत. तुमच्या लीगमध्ये आठच संघ असतील तर शेवटच्या फेरीतही नको, कारण असा पिचर ड्राफ्टनंतरही मोकळाच पडलेला असतो. एप्रिलमधल्या त्याच्या पहिल्या दोन-तीन सामन्यांत ईआरए झाकून फक्त स्ट्राइकआउट, वॉक आणि चेंडूंचं प्रमाण बघा, आणि तेव्हा उचला. तोवर बाकीचे ईआरए बघून नाकं मुरडत असतील.